सान रोकेचा वेढा

दॉन कासिमिरोंनी आयुष्यात एकच युद्ध पुकारलं, आणि तेही एका सकाळी त्यांच्या हातातून निसटून सबंध वस्तीचं झालं. मुळात माणूस लढवय्या नव्हे. सक्तीची लष्करी सेवा त्यांनी केली होती, नाही असं नाही, पण ती सगळी छावणीच्या मुदपाकखान्यात बटाटे सोलण्यात गेली. त्या काळातली एकमेव जखम त्यांच्या डाव्या अंगठ्यावर आहे आणि ती ते आल्यागेल्याला अजून दाखवतात. असा माणूस वयाच्या चौपन्नाव्या वर्षी टेबलावर नकाशे पसरून लाल-निळ्या पेन्सिलीने बाण काढायला लागला, याला कारण रेमबर्तो.

ला पाझच्या सान रोके वस्तीत एक उभ्या चढाचा रस्ता आहे. त्या रस्त्याच्या मध्यावर दॉन कासिमिरोंचं सालतेन्यांचं दुकान एकोणीस वर्षं एकटं नांदत होतं. सालतेन्या दिसायला करंजीसारखी, पण आत कोंबडी, बटाटा, मटार आणि गरम रस्सा. तो रस्सा आत कसा जातो हे विचारणाऱ्याला दॉन कासिमिरो एकोणीस वर्षं नुसते गूढ हसत आले. (जिलेटिन घालून आधी गोठवतात आणि भट्टीत तो वितळतो, हे शहरातल्या प्रत्येक शेंबड्या पोराला ठाऊक आहे, पण हसण्यात एक इभ्रत असते.) सालतेन्या सकाळी नऊ ते बारा खायची. बारानंतर सालतेन्या मागणारा माणूस एकतर परदेशी असतो किंवा त्याचं घरी भांडण झालेलं असतं. तर रोज दोनशे सालतेन्या भट्टीतून निघायच्या आणि बाराला ट्रे रिकामा व्हायचा.

एप्रिलच्या शेवटी रेमबर्तोने बरोब्बर समोर, दारासमोर दार येईल असं दुकान उघडलं. माल तोच आणि वेळही तीच, फक्त त्याच्याकडे बसायला गादीच्या खुर्च्या होत्या. जूनपर्यंत दॉन कासिमिरोंच्या ट्रेमध्ये रोज ऐंशी-नव्वद सालतेन्या उरायला लागल्या. घरी दुपारी सालतेन्या, संध्याकाळी सालतेन्या. शेजारची कुत्री तर त्यांना बघून रस्ता बदलायला लागली.

एके दिवशी त्यांच्या बायकोने, नेल्वाने, पिठाचे हात पुसले आणि निकाल जाहीर केला.

"कासिमिरो, ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत मी वाट बघते. त्या दिवशी बाराला ट्रेमध्ये पन्नासच्या वर उरल्या, तर दुकान बंद. कोचाबांबाला विल्मेरकडे जायचं."

विल्मेर हा नेल्वाचा धाकटा भाऊ. त्याचं तळलेल्या कोंबडीचं मोठं दुकान आहे, आणि तो मेहुण्याशी बोलताना नेहमी खिशात हात घालून बोलतो.

"विल्मेरकडे जाऊन मी करू काय?"

"माणूस हवाय त्याला. दारात."

"दारात काय काम असतं?"

नेल्वाने पुन्हा हात पुसले. "कोंबडीचा पोशाख घालायचा आणि गिऱ्हाइकाला हात करायचा. थोडं नाचायचं. मुखवटा असतो रे, कोण आहे कळत नाही."

एकोणीस वर्षं ज्याने कोंबडी शिजवली, त्यानेच उतारवयात कोंबडी होऊन नाचायचं, आणि तेही विल्मेरच्या दारात! त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणजे सालतेन्याच होत्या म्हणून जेवले नाहीत, पण दुःख होतंच.

संकटातल्या माणसाला सल्ला फुकट मिळतो. न्हाव्याने सांगितलं, खुर्च्या आणा. कुलूपवाल्याने सांगितलं, खुर्च्या आणू नका, माणसं बसली की उठत नाहीत. रहिवासी मंडळाच्या अध्यक्षा दोन्या सातुर्निना म्हणाल्या, "महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धरणीमातेला मद्य शिंपडताना तुम्ही हात आखडता घेता. मी बघते ना खिडकीतून." या बाईंना खिडकीतून सगळं दिसतं. त्यांची खिडकी फार मोठी नाही, पण बसण्याची चिकाटी मोठी आहे.

आणि मग मंडळाच्या सभागृहावर एक कागद लागला: 'रणनीतीतून व्यापार. आठ शनिवार. शेवटी शिक्क्याचं प्रमाणपत्र. मार्गदर्शक: कप्तान निकानोर, निवृत्त, नौदल.'

आता आपल्या देशाला समुद्र नाही, हे खरं आहे. पणजोबांच्या वेळी होता, तो गेला. पण तो परत मिळेल त्या दिवशी ऐनवेळी धावपळ नको, म्हणून नौदल ठेवलेलं आहे आणि ते सरोवरावर कवायत करतं. कप्तान निकानोरांनी तिथे एकतीस वर्षं काढली. एकतीस वर्षांत शत्रू आला नाही, याचं श्रेय ते स्वतःच्या व्यूहरचनेला देत. माणूस सहा फूट उंच, पांढऱ्या मिशांचा आणि खडूने फळ्यावर लिहिताना हुकूम सोडल्यासारखा आवाज करणारा. वर्गात पाच विद्यार्थी होते: दॉन कासिमिरो, कुलूपवाला, केशकर्तनालय चालवणाऱ्या दोन बहिणी, आणि सभागृहात ऊब असते म्हणून आलेले एक आजोबा.

"धंदा म्हणजे काय?" कप्तान गरजले.

"दोन वेळचं जेवण," कुलूपवाला म्हणाला.

"चूक! धंदा म्हणजे भूभाग, शत्रू आणि रसद! दॉन कासिमिरो, तुमचा शत्रू कोण?"

दॉन कासिमिरो उभे राहिले. एकोणीस वर्षांत त्यांना कुणी उभं राहून बोलायला लावलं नव्हतं. "रेमबर्तो, साहेब," ते म्हणाले, आणि त्यांना एकदम फार बरं वाटलं.

पहिली मोहीम हेरगिरीची. शत्रूच्या छावणीत वेष पालटून जायचं, चव घ्यायची, परत यायचं. दॉन कासिमिरोंनी सासऱ्यांची टोपी, काळा चष्मा आणि नाकापर्यंत लोकरीचा मफलर असा सरंजाम केला आणि रस्ता ओलांडला. हे अंतर सात पावलांचं आहे.

"या, या, दॉन कासिमिरो!" रेमबर्तो काउंटरमागून म्हणाला. "सर्दी झाली का? बसा, गरम देतो."

रेमबर्तो हा पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, सदा हसरा मनुष्य. शत्रू असा असला की लढणाऱ्याची फार पंचाईत होते. दॉन कासिमिरो गादीच्या खुर्चीवर बसले. सालतेन्या खायची रीत अशी की वरचा कोपरा अलगद चावायचा, आधी रस्सा ओढायचा, मग बाकीची खायची. रस्सा सांडला की माणूस संपला. पोरंसुद्धा त्याला हसतात. दॉन कासिमिरोंनी मफलर न काढता कोपरा चावला, आणि एकोणीस वर्षांचा अनुभव असलेल्या त्या कारागिराच्या शर्टावर हनुवटीपासून तिसऱ्या बटणापर्यंत रस्सा ओघळला. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. रेमबर्तोने रुमाल पुढे केला, आणि ते जास्त लागलं. त्याहून वाईट म्हणजे सालतेन्या चांगली होती. कप्तानांना दिलेल्या तीन पानी अहवालात हे वाक्य त्यांनी आधी लिहिलं आणि मग खोडलं.

दुसरी मोहीम उंच जागा काबीज करण्याची. दोन्या सातुर्निनांच्या गच्चीवर मोठी पाटी लावायची, म्हणजे खालच्या वळणापासून दिसेल. दोन्या सातुर्निना तयार होत्या, पण पालिकेच्या विभाग कार्यालयाची परवानगी लागत होती. अर्ज पिवळ्या फायलीत हवा होता, यांनी लाल नेली. पिवळी नेली तर म्हणाले, पाटीचा हेतू सांगणारा आराखडा जोडा. दॉन कासिमिरोंनी कप्तानांसोबत केलेला रणनीतीचा आराखडा जोडला. कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंनी तो शांतपणे वाचला.

"यात शत्रू म्हणून एका इसमाचं नाव आहे."

"हो. रेमबर्तो."

"ज्याचं नाव अर्जात येतं त्याचं ना-हरकत पत्र लागतं."

"अहो, शत्रूचं ना-हरकत पत्र?"

"शत्रू की मित्र ते आमच्याकडे बघत नाहीत. सही आणि ओळखपत्राची प्रत."

दॉन कासिमिरोंनी ती सात पावलं पुन्हा ओलांडली. रेमबर्तोने हात पुसले, आराखडा उलटसुलट केला. "कुठे करू सही? इथे, 'शत्रूची दाणादाण' लिहिलंय त्याच्या खाली?" त्याने सही केली आणि ओळखपत्राच्या दोन प्रती दिल्या. "एक जास्त असू द्या, ते नेहमी हरवतात." एवढं सगळं घेऊन गेल्यावर कार्यालयाने सांगितलं, निर्णय नव्वद दिवसांनी. पहिला शुक्रवार अठरा दिवसांवर आला होता.

"मग वेढा," कप्तान म्हणाले. "वेढ्याला परवानगी लागत नाही."

योजना साधी होती. रस्त्याच्या खालच्या टोकाला एक टेबल, वरच्या टोकाला एक टेबल. येणाऱ्याजाणाऱ्याला अर्धी सालतेन्या फुकट द्यायची आणि शत्रूच्या दारापर्यंत पोचण्याआधी त्याला आपल्या दुकानाकडे वळवायचं. फुटपाथ अरुंद म्हणून टेबलं रस्त्याच्या मधोमध ठेवायची. आणि झेंड्याशिवाय चौकी म्हणजे नुसतं लाकूड, असं कप्तानांचं मत पडल्यामुळे प्रत्येक टेबलावर राष्ट्रध्वज लावायचा. वर कप्तान, खाली दॉन कासिमिरो.

मंगळवारी सकाळी साडेआठला दॉन कासिमिरो खालच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध, झेंडा लावलेल्या टेबलामागे उभे राहिले. थंडी होती, मनात धाकधूक होती, त्यामुळे चेहरा अतिशय करारी दिसत होता. पहिली मिनीबस आली. आता जगात इतर कुठे रस्त्यात टेबल दिसलं तर ड्रायव्हर विचारेल, हे काय आहे. आपल्याकडे कुणी विचारत नाही. रस्त्याच्या मध्ये टेबल, त्यावर झेंडा आणि मागे करारी चेहऱ्याचा माणूस, म्हणजे रास्ता रोको. ड्रायव्हरने मान डोलावली, इंजिन बंद केलं, खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "आबेल, सान रोके बंद आहे. बाकीच्यांना सांग." मग प्रवाशांना उतरवून त्याने गाडी वळवली.

"अहो, थांबा, सालतेन्या—" दॉन कासिमिरो म्हणाले, पण गाडी गेली होती.

दोन मिनिटांत न्हावी दोन मोठे दगड घेऊन आला आणि त्याने ते टेबलाच्या दोन्ही बाजूंना नीट मांडून ठेवले. "किती दिवसांचा?" त्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता तो आणखी दगड आणायला गेला. मागून कुणी टायर आणला, कुणी तुटका पलंग. केशकर्तनालयाच्या बहिणी मोठं पातेलं आणि सरपण घेऊन आल्या. आणि नऊच्या सुमाराला गळ्यात शिट्टी अडकवून, काखेत हजेरीपत्रक मारून दोन्या सातुर्निना स्वतः उतरल्या.

"दॉन कासिमिरो, आधी कळवायचं तरी! पण बरं केलंत. अकरा वर्षं झाली आपण गटार मागतोय. मी रोज म्हणायचे, कुणी मर्द निघणार आहे की नाही या वस्तीत?"

"दोन्या सातुर्निना, ऐका तरी. मी सालतेन्या वाटायला—"

"सालतेन्या दहाला खाऊ. आधी हजेरी. जो गैरहजर त्याला वर्षभर पाण्याची टाकी घासायला लावणार आहे." त्यांनी शिट्टी फुंकली. "आणि लढा समितीचे अध्यक्ष तुम्ही. पहिलं टेबल ज्याचं तो अध्यक्ष, ही रीतच आहे."

टाळ्या पडल्या. दोनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती. दॉन कासिमिरोंनी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अध्यक्ष बोलताहेत, शांतता!" खरोखर शांतता झाली. ज्याचं घरात बायको आणि बाहेर विभाग कार्यालय ऐकत नाही, अशा माणसापुढे दोनशे लोक गप्प उभे राहिले तर खरं बोलणं फार कठीण जातं. "गटार," दॉन कासिमिरो म्हणाले, "झालंच पाहिजे." पुन्हा टाळ्या पडल्या.

त्यांनी वरच्या टोकाला फोन लावला. "कप्तान, घोटाळा झालाय. लोकांना वाटतंय हा रास्ता रोको आहे."

"इथेही कुमक आली आहे," कप्तान भारावलेल्या आवाजात म्हणाले. "चाळीस माणसं, एक ड्रम. माघार नाही! फार थोड्या सेनापतींच्या नशिबी हे येतं."

दहा वाजता दोनशे माणसांना एकदम भूक लागली. अकराच्या आत दॉन कासिमिरोंचा ट्रे रिकामा झाला. नेल्वा दारात येऊन रिकाम्या ट्रेकडे बघत राहिली आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा हसली. त्या हसण्यासाठी दॉन कासिमिरो आणखी चार रस्ते अडवायला तयार झाले असते. रेमबर्तोचाही माल संपला होता, पण एवढं चालायचंच.

बुधवारी सकाळी वेढ्याचं दुसरं तत्त्व लक्षात आलं, ते म्हणजे आत असलेल्यालाही बाहेर जाता येत नाही. कोंबडीवाल्याची गाडी खालच्या दगडांपाशी आली आणि तिथेच अडली. दॉन कासिमिरो हातगाडी घेऊन निघाले, तर त्यांच्याच टेबलापाशी कुलूपवाल्याने त्यांना अडवलं.

"पास?"

"अरे, मी आहे. अध्यक्ष."

"म्हणून तर. अध्यक्षच नियम मोडायला लागले तर बाकीच्यांनी काय करायचं? अध्यक्षांच्या सहीचा पास आणा."

दॉन कासिमिरोंनी तिथेच कागदावर स्वतःला पास लिहून दिला. कुलूपवाल्याने तो उजेडात धरून बघितला. "शिक्का नाही." शिक्का दोन्या सातुर्निनांकडे होता आणि त्या वरच्या टोकाला कप्तानांसोबत चौकी तपासत होत्या. दॉन कासिमिरो धापा टाकत सबंध चढ चढून गेले. शिक्का मिळाला, पण तोवर खाली कुलूपवाल्याने हजेरी घेतली होती आणि अध्यक्ष गैरहजर लागले होते. पाण्याच्या टाकीची पहिली पाळी त्यांच्या नावावर पडली. शिवाय कोंबडीवालाही निघून गेला होता.

"कप्तान, रसद तुटली," ते पायरीवर बसून म्हणाले. "आता पुढे काय करतात?"

कप्तानांनी मिशीवरून हात फिरवला. "खरं सांगू? मला जमिनीवरचा अनुभव नाही. पाण्यात अशा वेळी मासे पकडता येतात."

खाली काही विचारायच्या भानगडीत नेल्वा पडलीच नव्हती. ती रस्ता ओलांडून रेमबर्तोकडे गेली होती. त्याच्या फ्रीजमध्ये कोंबडी होती, पण पीठ संपलं होतं. हिच्याकडे पिठाची दोन पोती होती. दॉन कासिमिरो घामाघूम होऊन परतले तेव्हा त्यांच्याच भट्टीपाशी रेमबर्तो त्यांचाच एप्रन लावून कडा मुरडत होता.

"नेल्वा! हे काय? शत्रूला मुदपाकखान्यात घेतलंस?"

"शत्रूची कोंबडी आहे, पीठ आपलं आहे, आणि बाहेर दोनशे माणसं उपाशी आहेत. तू जा, सभा घे."

"तुमच्या कडा फार सुरेख येतात, वहिनी," रेमबर्तो म्हणाला. "माझ्या सुटतात. म्हणून तर रस्सा सांडतो." मग त्याला शर्टाची आठवण झाली असावी, कारण तो कानापर्यंत लाल झाला.

दॉन कासिमिरो सभा घ्यायला गेले. मागण्या एव्हाना तेवीस झाल्या होत्या: गटार, पुलाचा कठडा, दिवे, मोकाट कुत्री, न्हाव्याच्या मुलीचा अडकलेला शाळेचा दाखला. पालिकेचं म्हणणं होतं, आधी रस्ता मोकळा करा, मग बोलू. समितीचं म्हणणं होतं, आधी बोला, मग मोकळा करू. निवेदनाच्या तीन प्रती लागत होत्या, आणि झेरॉक्सचं दुकान वेढ्याच्या बाहेर होतं.

गुरुवारी अकरा वाजता पालिकेचे उगार्ते साहेब चालत आले. चढामुळे त्यांना दम लागला होता आणि बुटांना टायरची काजळी लागली होती. त्यांनी दॉन कासिमिरोंना बाजूला घेतलं.

"अध्यक्ष, तेवीस मागण्या मला वाचताही येणार नाहीत. एक सांगा, आत्ता सही करतो." मग आवाज खाली करून ते म्हणाले, "तुमचा आराखडा आमच्या कार्यालयात वाचला मी. मूळ दुखणं समोरचं दुकान आहे ना? त्याच्या परवान्यात एक शिक्का कमी आहे. सांगा, उद्या बंद करतो. गटार-बिटार राहू दे. तुम्ही लोकांना घरी पाठवा."

जे कप्तानांच्या पाच शनिवारांनी झालं नव्हतं ते आता एका शब्दावर आलं होतं. समोरचं दार बंद, ट्रे रिकामा, नेल्वा दारात हसते आहे, विल्मेर आपल्या कोचाबांबात खिशात हात घालून उभा आहे. त्यांनी वळून बघितलं. दुकानाच्या खिडकीतून कोपरापर्यंत पीठ लागलेला रेमबर्तो दिसत होता. त्याचं इकडे लक्षही नव्हतं. तो नेल्वाला विचारून विचारून कडा मुरडत होता. आणि इकडे दोनशे माणसं अध्यक्ष काय बोलतात म्हणून श्वास रोखून उभी होती. दॉन कासिमिरोंना मनापासून रडू आलं, कारण ज्या माणसाने आपल्याला रुमाल दिला त्याचं दुकान बुडवता येत नाही, हे त्यांना त्या क्षणी पक्कं कळलं, आणि हे कळून आपला काहीच फायदा नाही हेही कळलं.

"गटार," ते म्हणाले.

"नीट विचार करा."

"गटार!" दॉन कासिमिरो असे ओरडले की वरच्या टोकाला कप्तानांनी सलामी दिली.

सही झाली, शिक्का बसला, फटाके उडाले. दोन्या सातुर्निनांनी दॉन कासिमिरोंच्या डोक्यावर कागदाच्या रंगीत चकत्या ओतल्या आणि अख्ख्या वस्तीने त्यांना मिठ्या मारल्या. पाण्याची टाकी मात्र माफ झाली नाही.

आणि वस्तीच्या इतिहासात पहिल्यांदा पालिकेने शब्द पाळला. सोमवारी सकाळी सात वाजता यंत्रं आली आणि रस्ता मधोमध, वरपासून खालपर्यंत, दोन माणसं खोल खणून काढला. चर नेमका दोन दुकानांच्या मधून गेला. मुदत दोन वर्षं. वाहनं बंद, पायी यायचं तर दोन्ही बाजूंनी हातभर पायवाट. खालच्या बसथांब्यावरून येणारी गिऱ्हाइकं सालतेन्यांसाठी जीव धोक्यात घालेनात. उरली वस्तीतली माणसं आणि चरातले मजूर. ते दहाला शिडीवरून वर यायचे, पण एक दिवस या बाजूने आणि एक दिवस त्या बाजूने, कारण शिडी एकच होती आणि मुकादम न्यायी होता.

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी शिडी रेमबर्तोच्या बाजूला होती.

बारा वाजले. नेल्वाने ट्रे पुढे ओढला आणि बोटाने एक-एक सालतेन्या मोजायला लागली. दॉन कासिमिरो पाठमोरे उभे राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. एकावन्न, बावन्न, त्रेपन्न. नेल्वाने ट्रेवर फडकं टाकलं.

"त्रेपन्न," ती म्हणाली.

"ऐकलं मी," दॉन कासिमिरो म्हणाले. "सामान कधी बांधायचं?"

तेवढ्यात नेल्वाचा फोन वाजला. विल्मेरने शब्द दिल्याप्रमाणे ट्रक पाठवला होता, आणि ट्रक खालच्या वळणावर चराच्या तोंडाशी येऊन उभा होता. ड्रायव्हर विचारत होता, वर कसा येऊ? त्याचा आवाज इतका मोठा होता की चराच्या पलीकडे रेमबर्तोलाही ऐकू गेला. तो चरावर टाकलेल्या फळीवरून धावत इकडे आला.

"वहिनी, काळजी करू नका! भट्टी आपण हातांनी नेऊ. खाली चाळीस मजूर आहेत, मी बोलतो मुकादमाशी. अर्ध्या तासात ट्रकमध्ये!" त्याचे डोळे भरून आले होते आणि मदत करायची त्याला घाई झाली होती.

"चाळीस कशाला, वीस पुरतील," दॉन कासिमिरो खिन्नपणे म्हणाले. "मी स्वतः मोजून घेतलीय भट्टी. दारातून आडवी निघते."

नेल्वाने दोघांकडे पाळीपाळीने बघितलं. फोन तिच्या कानाला तसाच होता.

"रेमबर्तो, तुझा रस्सा करपतोय," ती म्हणाली.

"नाही हो, मी गॅस बंद करून—"

"करपतोय म्हणते ना मी!"

रेमबर्तो फळीवरून परत पळाला. नेल्वाने नवऱ्याकडे पाठ केली आणि फोनमध्ये, चराच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "विल्मेरला सांग, रस्ता बंद आहे. नाही, हातांनी नाही नेता येत. भट्टी जड आहे. हो, दोन वर्षं."

मग तिने फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि पिठाच्या पोत्याचं तोंड सोडलं.